गल्ल्यावर बसणाऱ्याने पाहिलेलं साओ पावलो

एरंडोलच्या पुढे हायवेला लागून माझा धाबा आहे. शेवभाजी, भरीत, काळ्या मसाल्याचं मटण, उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी. सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, त्यामुळे कुठल्याही हॉटेलात शिरलो की माझी नजर आधी ताटाकडे जात नाही, हे लोक पैसे कसे घेतात तिकडे जाते. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण गेल्या जुलैत वीस दिवस ब्राझीलच्या साओ पावलो शहरात खाऊन-फिरून आलो, आणि तेव्हापासून जो येतो तो डोळा मिचकावत विचारतो, "भाऊ, तिकडे रात्री काय काय असतं हो?" त्यांना जे ऐकायचंय ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे हिशेब आहे.

भाचा तिकडे ठिबक सिंचनाच्या कंपनीत आहे. चार वर्षं "मामा, या, मामीलाही आणा" चाललं होतं. आषाढात धाबा मंदाच असतो, म्हणून पोराला गल्ल्यावर बसवलं आणि निघालो. मुंबईहून दुबई, दुबईहून पुढे विमानात जवळजवळ पंधरा तास. बसून बसून गुडघे धरले. तिकडचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. पोरगा रात्री साडेअकराला शटर ओढून मला दिवसाचा धंदा फोनवर सांगायचा, तेव्हा माझं तिकडे दुपारचं जेवण होऊन तीन वाजलेले असायचे. माय मात्र रोज एकच विचारायची, "तठे काय खाई ऱ्हायना रे? पोट भरस का?"

भरतं, माय. पण वजन करून भरतं.

तिकडे दुपारच्या जेवणाची एक पद्धत आहे, किलोवर जेवण. ताट घ्यायचं, रांगेने पुढे सरकायचं, मांडलेल्या वीस-पंचवीस पदार्थांतून हवं ते वाढून घ्यायचं आणि शेवटी ताट वजनकाट्यावर ठेवायचं. रिकाम्या ताटाचं वजन काट्यातून आधीच वजा केलेलं. भात असो, मासा असो, भाव एकच. आम्ही गेलो तिथे किलोला 89 रेआल होता. एक रेआल म्हणजे आपले सोळा-सतरा रुपये. माझं ताट 412 ग्रॅम भरलं, बिल 36 रेआल 67. म्हणजे सहाशे रुपये. मंडळी काट्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, हे तर भंगारवाल्यासारखं झालं."

त्या हॉटेलात मी तीनदा गेलो, आणि तिसऱ्यांदा नुसता बघायला. रांगेत आधी काय ठेवलंय? भात, काळे घेवडे, बटाटा. जड आणि स्वस्त. मासा आणि भाजलेलं मांस पार शेवटी, तोवर तुमच्या ताटात जागा उरलेली नसते. ज्याने ही मांडणी केली त्याला माझा नमस्कार. दुसरं म्हणजे परत येणारी ताटं. मी मुद्दाम उष्ट्या ताटांच्या खिडकीजवळ बसलो होतो. सगळी चाटूनपुसून. माझ्या धाब्यावर रोज बादलीभर रस्सा आणि अर्ध्या-अर्ध्या भाकऱ्या जातात. पैसे देऊन घेतलेलंच लोक टाकतात, पण तोललेलं टाकत नाहीत. हे आपल्याकडे लावावं का, यावर विमानात बसून पुष्कळ विचार केला. जमणार नाही. आपलं निम्मं जेवण रस्सा आहे. शेवभाजी काट्यावर ठेवली तर गिऱ्हाईक पाण्याचेच पैसे देईल, आणि आपला माणूस हे तिसऱ्या दिवशी ओळखेल.

आमच्या मंडळींच्या गळ्यात माळ आहे. त्यामुळे खरी परीक्षा त्यांची झाली. आषाढी रविवारी आली आणि रविवारी तिथला पॉलिस्टा नावाचा मोठा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात, जवळजवळ तीन किलोमीटर. नुसती माणसं. सायकली, ढोल, कुत्री, म्हातारी जोडपी. मंडळी म्हणाल्या, आपली वारी इथंच. तिथे रस्त्यावर एक बाई तव्यावर पांढरं ओलसर पीठ चाळणीतून भुरभुरवत होती. तेल नाही, पाणी नाही, तव्याच्या नुसत्या उष्णतेनं त्या पिठाचं अख्खं धिरडं जमून आलं. आत ओलं खोबरं घालून तिने ते दुमडलं. त्याला तापिओका म्हणतात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच कंदाचा हा स्टार्च. म्हणजे उपासाला बिनधास्त. मंडळींनी दोन खाल्ली. त्याच पिठाचे चीज घातलेले गोल गोळे पाव म्हणून गल्लोगल्ली मिळतात, गरम असताना आतून ताणले जातात. तेही उपासाला चालले असते, पण अंडं असतं.

आता तक्रार. एका नाश्त्याच्या दुकानात भाचा गाडी लावायला गेला, तेवढ्यात मी त्याने शिकवलेलं वाक्य म्हटलं, "सेम कार्नी", बिनमांसाचं. दुकानातल्या पोराने मान हलवली आणि एक पॅटिस आणून दिलं. मंडळींनी एक घास घेतला. आत हॅम, म्हणजे डुकराचं मांस. मी पोराला दाखवलं तर तो बापडा खरंच गोंधळला. त्यांच्या बोलीत कार्नी म्हणजे मोठ्या जनावराचं मांस. हॅम ते हॅम, कोंबडी ती कोंबडी, ते मांसात धरतच नाहीत. मंडळींनी बाहेर जाऊन चूळ भरली आणि तासभर कोणाशी बोलल्या नाहीत. त्या दिवसानंतर भाचा प्रत्येक ठिकाणी लांबलचक यादी म्हणायचा: मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, हॅम नाही, बेकन नाही. वाढपी ऐकता ऐकता कागद खाली ठेवायचे. जाणार असाल तर ही यादी पाठ करून जा. साध्या घेवड्याच्या डाळीतसुद्धा डुकराची चरबी असू शकते.

शनिवारी आणि बुधवारी फेजोआदा खायची रीत आहे. काळे घेवडे आणि डुकराचे नाना भाग मिळून तासन्‌तास शिजवतात. रंग आपल्या सालीच्या उडदाच्या डाळीचा. मी डुक्कर खात नाही, त्यामुळे चवीबद्दल बोलणार नाही. पण वार ठरलेले आहेत हे मला फार आवडलं. सोमवारचा पदार्थ वेगळा, शुक्रवारी मासा. गिऱ्हाईक दारातून शिरतानाच काय खायचं ते ठरवून येतं, मालकाला किती शिजवायचं ते कळतं. सोबत फारोफा नावाचं भाजलेलं कोरडं पीठ देतात, त्याच कंदाचं. ते मात्र मी भातावर घेतलं. शेंगदाण्याच्या कुटाची सवय असलेल्या माणसाला ते बरं वाटतं, फक्त त्यात तिखट पडायला हवं. तिखटाचं म्हणाल तर, त्या शहरात तिखट नाही. टेबलावर बारक्या मिरच्यांची बाटली ठेवतात आणि तुमच्याकडे बघत राहतात, हा खरंच घालणार का म्हणून.

भाजलेल्या मांसाची हॉटेलं निराळी. एकदा पैसे ठरले की वाढपी सळया घेऊन टेबलाटेबलावरून फिरत राहतात, तुमच्यापुढे ठेवलेली चकती हिरवी आहे तोवर वाढत जातात, उलटून लाल केली की थांबतात. श्रावण लागायला तीन दिवस होते म्हणून मी गेलो. मोठ्याचं मांस मी खात नाही. वाढप्याने ते पुढे धरलं तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "मामा, इथली बहुतेक गुरं नेलोर जातीची. म्हणजे आपली आंध्रातली ओंगोल." आपल्या गीर गायीसुद्धा तिकडे गेल्या आणि वाढल्या, हे आपल्याकडचे गोठेवाले सांगत असतात, ते माहीत होतं. पण त्या पाठीवर वशिंड असलेल्या जनावराचा वंशज सळईवर बघणं वेगळं. मी चकती लाल केली. मग कोंबडीची काळजं, भाजलेलं चीज आणि दालचिनी लावून निखाऱ्यावर भाजलेलं अननस एवढ्यावर भागवलं. त्या अननसासाठी मात्र पुन्हा जाईन. वरून साखर काळी पडलेली, आतून रस उकळता. सुरुवातीलाच पाव आणि कोशिंबिरींचा एवढा मोठा मांडव असतो की निम्मं पोट तिथंच भरतं. पंगतीत आधी भात सोडणाऱ्या आचाऱ्याची हीच युक्ती.

एका चांगल्या हॉटेलात बसल्या बसल्या न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आले. मला वाटलं, आपला कांदा-लिंबू-पापड. खाल्लं. बिलात माणशी 24 रेआल, तिघांचे 72. बाराशे रुपयांचा पाव. भाचा म्हणाला, "मामा, ते नको म्हणून परत पाठवायचं असतं." मी रागावलो, पण फार नाही. कारण मीही लग्नसराईत पापडाचे वेगळे लावतो. बिलात खाली 10 टक्के सेवेचे असतात, ते ऐच्छिक. ते मात्र आम्ही दर ठिकाणी दिले.

पिझ्झा. 10 जुलै हा त्या शहरात पिझ्झ्याचा दिवस, 1985 पासून. इटलीहून आलेल्या लोकांनी हे शहर अर्धं बांधलं आणि पिझ्झा ठेवून गेले. काटा-सुरीने खातात, हाताने उचलला तर आजूबाजूचे बघतात. अर्धा एक, अर्धा दुसरा असा मागता येतो आणि आम्ही गेलो तिथे भाव महागातल्या अर्ध्याचा. हे मला पटलं. पण सांगायचंय ते केळीचं. जेवणानंतर गोड म्हणून केळीचा पिझ्झा आला. पातळ काप, चीज, साखर, दालचिनी. मंडळी माहेरच्या रावेरकडच्या, केळीच्या मुलखातल्या. त्यांनी काप उचलून बघितला, वास घेतला आणि सांगितलं, "ही बसराई." भाच्याने वाढप्याला विचारलं. तो म्हणाला, नानिका. नानिका म्हणजे बुटकी. आपली बसराईही त्याच बुटक्या कॅव्हेंडिश जातीच्या केळीच्या घरातली. त्या रात्री मंडळींचा चेहरा वीस दिवसांत सर्वांत खुलला. मीही खाल्ला, गोडच होता.

रात्रीबद्दल.

रात्री हॉटेल सापडणं हेच पहिलं काम. त्या शहरात 2007 पासून होर्डिंगला बंदी आहे, दुकानाची पाटीसुद्धा मापातच हवी. जळगावला उतरलं की चौकाचौकात वाढदिवसाचे भाऊ-दादा हसत असतात, तशा सवयीच्या माणसाला दोन कोटींहून जास्त माणसांच्या पसाऱ्यात नुसत्या भिंती बघून चुकल्यासारखं होतं. आम्ही एका बारच्या दारावरून दोनदा गेलो. व्हिला मादालेना भागातला. दारात एक धिप्पाड माणूस, त्याने आम्हा प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं. पैसे घेतले नाहीत.

या कार्डाला कोमांदा म्हणतात. तुम्ही आत काय घ्याल ते तुमच्या कार्डावर चढत जातं. टेबलावर पाचजण असले तरी पाच वेगळे हिशेब. निघताना गल्ल्यावर पैसे भरायचे, मग ते चिठ्ठी देतात, ती दारातल्या माणसाला दाखवली तर बाहेर. कार्ड हरवलं तर अमुक दंड, अशी पाटी लावलेली. भाचा म्हणतो, ग्राहकांची बाजू घेणारं सरकारी खातं हा दंड मानत नाही, पण पाटी राहतेच. मी ते कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी चाचपलं. लोक चार तास बसले, उठून दुसऱ्या टेबलावर गेले, नाचले, परत आले, आणि कोणीही "बिल कोण देणार" म्हणून ओढाताण केली नाही. माझ्याकडे रोज रात्री ती कुस्ती होते. दोघं एकमेकांचे हात धरून ठेवतात आणि तिसरा गुपचूप मोटारसायकलवर बसतो.

मी घेत नाही असं लिहिलं तर एरंडोल हसेल. एक कायपिरीन्या घेतली. उसाच्या रसापासूनच थेट काढलेली दारू, त्यात साखरेसोबत ठेचलेलं हिरवं लिंबू आणि बर्फ. लिंबू सरबत समजून पहिला घोट मोठा घेतला ती चूक. पुढे बिअर. तिकडे नळाची बिअर लहान ग्लासात देतात, वर दोन बोटं फेस हवाच. फेस कमी असेल तर गिऱ्हाईक परत पाठवतं. आपल्याकडे फेस जास्त म्हणून भांडणं होतात. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो, पुरे असेल तर ग्लासावर खालची पुठ्ठ्याची चकती झाकायची. पिऊन गाडी चालवायला 2008 पासून फार कडक कायदा आहे, म्हणून सगळे भाड्याच्या गाडीने येतात. गाडी बोलवायची ती आत उभं राहून. रात्री रस्त्यावर मोबाइल काढायचा नाही, ही भाच्याची पहिल्या दिवसापासूनची ताकीद.

मंडळी ग्वाराना नावाचं गोड सोडावॉटर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर चार बाया, साठीच्या पुढच्या, रात्री साडेअकराला. एकीने दुसरीच्या ताटातलं बटाट्याचं काप पळवलं आणि चौघी अशा हसल्या की एकीला ठसका लागला. कोणी वळून बघितलं नाही. मंडळींनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "आपल्या फॅमिली रूमचा तो पडदा कोणासाठी आहे हो?" मी म्हटलं, बायांसाठी. त्या म्हणाल्या, "बायांनी मागितला होता का?" मी कार्ड चाचपलं.

सोमवारी भाच्याने सान्तो आमारो भागात नेलं. तिथे सांबा दा वेला, म्हणजे मेणबत्तीचा सांबा. मधोमध टेबल, त्यावर मेणबत्ती पेटवतात, भोवती वादक बसतात, त्यांच्याभोवती लोक. ती विझेपर्यंत गाणं, विझली की संपलं. मी सांबा म्हणजे पिसं लावलेल्या पोरी समजत होतो. इथे चाळिशी-साठीची माणसं, साधे कपडे, हातात गाण्यांचे कागद, आणि टाळ्या. खंजिरीसारखं एक वाद्य, चार तारांचं लहान गिटारसारखं एक, खाली मोठा ढोल. कोणी नवीन गाणं रचून आणलेलं असलं की पहिल्यांदा तो एकटा म्हणतो, दुसऱ्यांदा लोक पकडतात, तिसऱ्यांदा सगळी खोली. मंडळींनी दुसऱ्याच गाण्याला टाळीचा ठेका धरला आणि तो चुकला नाही. आमच्या गावच्या एकादशीच्या भजनात त्या पुढे बसतात. मेणबत्ती शेवटी तळाशी आली तेव्हा ज्योत तीनदा मोठी-लहान झाली, आणि वाजवणाऱ्यांनी हात हळू केले. विझल्यावर काही क्षण कोणी बोललं नाही. बंद करायची वेळ गिऱ्हाईकाला सांगायचा इतका चांगला मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही. मला साडेअकराला दिवे मिचकवावे लागतात.

पहाटेसाठी तिकडे बेकऱ्या आहेत, कित्येक चोवीस तास उघड्या. बारमधून निघालेले लोक, कामावर निघालेले बसचे ड्रायव्हर, सगळे एकाच फळीवर कोपर टेकून उभे. लोणी लावून तव्यावर दाबलेला पाव आणि ग्लासात गरम दूध, त्यात कॉफीचा नुसता शिडकावा. तो ग्लास मी हातात फिरवून बघितला. रेघारेघांचा, जाड काचेचा, आपल्या टपरीवरच्या चहाच्या ग्लासाचा सख्खा भाऊ. तिकडे 1947 पासून बनतो. मी एक विकत आणला. धाब्यावर चहाच्या ग्लासांत मिसळला आणि आता कोणता तो मलाही सापडत नाही.

शेवटच्या शनिवारी आठवडे बाजार. त्यांचाही रस्त्यावरच भरतो. तिथे हाताच्या पंजाएवढी चौकोनी करंजी तळून देतात, पास्तेल, चीज किंवा ताडाच्या कोवळ्या गाभ्याची, आणि सोबत उसाचा रस. लिंबू किंवा अननस घालून. आलं नाही, काळं मीठ नाही. रसवंतीवाल्याला मी खुणेनं आल्याचं विचारलं, तो हसून मान हलवून मोकळा. पास्तेल मात्र उत्तम. आत सारण कमी निघालं तर त्याला वाऱ्याचं पास्तेल म्हणून चिडवतात. मला एक तसं मिळालं. भाच्याने दाखवल्यावर दुकानदाराने न बोलता दुसरं दिलं.

एकूण सांगायचं तर पैसे घेण्यात हे शहर हुशार आहे, खायला घालण्यात उदार, आणि तिखटात कंजूष. माळकरी माणसाला सोपं नाही, पण तापिओका, केळी, चीजचं पास्तेल यांवर वीस दिवस निघतात. शेंगदाण्याची चटणी सोबत न्या. किलोच्या हॉटेलात कलिंगड घेऊ नका, ते पाणी आहे.

आल्यावर मी धाब्यावर कार्डं छापून घेतली. शंभर. पहिल्या शनिवारी वाटली. रात्री गल्ल्यावर परत आली एकाहत्तर. पैसे सगळ्यांनी दिले, ते खरं सांगायला हवं, कार्डं मात्र खिशात गेली. एक धरणगावहून परत आलं, मागच्या बाजूला पोराचा गणिताचा अभ्यास. दुसऱ्या शनिवारी पुन्हा वहीवर आलो.

फॅमिली रूमचा पडदा मात्र काढलाय. कोणी विचारलं तर धुवायला टाकलाय म्हणून सांगतो.